बिनपगारी सहीची गोष्ट

गेल्या महिन्यात इथल्या एका मित्राचा फोन आला. गणपतीसाठी हॉल, मंडळाचा हिशेब, कुणाची आई कधी भारतातून येणार वगैरे नेहमीचे विषय संपल्यावर तो म्हणाला, "अरे, तू जे.पी. का होत नाहीस? आपल्यातला एक जण असला की आपल्या लोकांची सोय होईल."

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. पण तो 'सोय' शब्द काही डोक्यातून जाईना.

जे.पी. म्हणजे जस्टिस ऑफ द पीस. मुंबईतल्या जुन्या घराण्यांमध्ये एखाद्या पणजोबांच्या तसबिरीखाली नावापुढे ही दोन अक्षरं दिसतात. आपल्याकडे ती आता तसबिरीतच उरली आहेत. न्यूझीलंडमध्ये मात्र ही जमात जिवंत आहे. देशभरात पाच हजारांहून जास्त जे.पी. आहेत. सरकारी वाचनालयात, मॉलमध्ये, नागरिक सल्ला केंद्रात टेबल टाकून बसतात. कागदाची खरी प्रत प्रमाणित करायची असेल, प्रतिज्ञापत्र करायचं असेल, सहीला साक्षीदार हवा असेल, तर यांच्याकडे जायचं. पैसे शून्य. घ्यायचेच नाहीत असा नियम आहे. त्यांनाही या कामाचा पगार नाही. बहुतेक निवृत्त मंडळी: कुणी शाळामास्तर, कुणी शेतकरी, कुणी बँकेतले.

माझी पहिली गाठ पडली ती इथे आल्या वर्षी. डिग्री, गुणपत्रिका, जन्मदाखला असा गठ्ठा घेऊन वाचनालयात गेलो. टेबलामागे सत्तरीच्या आजीबाई. त्यांनी प्रत्येक झेरॉक्स मूळ कागदाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. गुणपत्रिकेवरचे आकडेसुद्धा! शेवटचा कागद शाळा सोडल्याचा दाखला. त्याचं मूळ घरी, आणि माझ्याकडे फक्त भारतात एका अधिकाऱ्याने शिक्का मारलेली झेरॉक्स. बाईंनी तो कागद हलकेच माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "मूळ कागद मी पाहिलेला नाही. मग पाहिला असं कसं लिहू?"

मी म्हटलं, अहो, यावर सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का आहे. त्या म्हणाल्या, "मग त्याने पाहिला असेल. मी नाही पाहिला."

बाबांनी मूळ दाखला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, तो यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी त्या बाईंना मनातल्या मनात बरंच काही बोललो. खरं सांगायचं तर राग येण्याचं कारण वेगळंच होतं. त्या झेरॉक्सवरचा शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्यानेही मूळ दाखला पाहिलेला नव्हता. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक शिक्का असायचा. दहा रुपये दिले की 'ट्रू कॉपी' तयार. तो अधिकारी कोण, आहे की नाही, हेही आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही सगळेच तसं करायचो, आणि त्यात आपण काही खोटं करतोय असं कधी वाटलं नाही. दाखला तर खराच होता ना!

तर मंडळी, आज गोष्ट सांगायची आहे ती या बिनपगारी सहीची. तिला निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक पाद्री, काही हजार बंदुका आणि आपली मुंबई असं सगळं येतं.

* * *

जस्टिस ऑफ द पीस ही मूळची इंग्लंडची कल्पना. १३६१ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला आणि गावोगावच्या प्रतिष्ठित जमीनदारांना राजाच्या वतीने शांतता राखण्याचे, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करण्याचे अधिकार मिळाले. राजाला पगारी नोकर परवडत नव्हते, आणि जमीनदाराला पगाराची गरज नव्हती. ज्याचं पोट भरलेलं आहे तो लाच खाणार नाही, असा त्यामागचा साधा हिशेब. (तो किती बरोबर होता ते पुढे येईलच.)

न्यूझीलंडला पहिला जे.पी. मिळाला तो १८१४ मध्ये. तेव्हा इथे ना ब्रिटिश राज्य होतं, ना गव्हर्नर, ना कोर्ट. होते ते माओरी, आणि किनाऱ्याला येणारी देवमाशांची शिकार करणारी जहाजं. त्या जहाजांवरचे कप्तान माओरी खलाशांना वाट्टेल तसं वागवत. १८०९ मध्ये 'बॉइड' नावाच्या जहाजावर एका माओरी सरदाराच्या मुलाला, ते आराला, चाबकाने फोडून काढलं. जहाज फांगारोआच्या बंदरात शिरलं तेव्हा त्याच्या लोकांनी त्याचा सूड घेतला आणि जहाजावरचे साठ-सत्तर जण मारले गेले. मग गोऱ्या खलाशांनी सूड म्हणून एका भलत्याच सरदाराच्या गावावर हल्ला केला. सिडनीचा गव्हर्नर मॅक्वारी याच्यापुढे प्रश्न होता: या समुद्रात आपल्याच माणसांना आवरायचं कुणी?

त्याच सुमारास सॅम्युअल मार्सडन हा सिडनीजवळच्या पॅरामाट्टाचा पाद्री न्यूझीलंडमध्ये मिशन काढायच्या खटपटीत होता. हा गृहस्थ स्वतः तिथला मॅजिस्ट्रेटही होता, आणि कैद्यांना इतके फटके द्यायचा की 'फटकेवाला पाद्री' असंच त्याचं नाव पडलं होतं. त्याच्या मिशनमध्ये थॉमस केन्डल नावाचा एक शाळामास्तर होता. १८१४ मध्ये केन्डल बे ऑफ आयलंड्सला जाऊन पाहणी करून आला. येताना रुआतारा, होंगी हिका आणि कोरोकोरो हे माओरी सरदार त्याच्याबरोबर सिडनीला आले. नोव्हेंबरमध्ये मॅक्वारीने हुकूम काढला: सरदारांच्या आणि केन्डलच्या परवानगीशिवाय कुणाही कप्तानाने माओरी माणसाला जहाजावर नेऊ नये, की आपला खलाशी तिथे सोडू नये. केन्डलला जस्टिस ऑफ द पीस केलं, आणि तिघा सरदारांनाही हुकूम अमलात आणायचा अधिकार दिला.

कागदावर फार सुंदर व्यवस्था. डिसेंबरात सगळे रांगीहोउआला पोचले. नाताळच्या दिवशी मार्सडनने प्रवचन दिलं. केन्डलने पुढच्याच वर्षी माओरी भाषेतलं पहिलं पुस्तक छापून घेतलं, १८१६ मध्ये शाळा काढली. माणूस बुद्धिमान होता, भाषेचं वेड होतं. पण जे.पी. म्हणून तो काय करू शकत होता? त्याच्याकडे ना शिपाई, ना तुरुंग. एखाद्या कप्तानाने मस्ती केली तर साक्षी लिहून घ्यायच्या आणि दोन हजार किलोमीटरवर सिडनीला पाठवायच्या. बरं, तिथल्या कोर्टाची हद्द तरी इथवर पोचत होती का? १८१७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा केला, त्यात न्यूझीलंड ही राजाच्या राज्याबाहेरची जागा आहे असं स्पष्टच लिहिलं. म्हणजे तीन वर्षं जो माणूस राजाच्या नावाने अधिकारी म्हणून बसला होता, त्याच्या पायाखाली राजाची जमीनच नव्हती.

हे झालं अधिकाराचं. जबाबदारीचं त्याहून वाईट. केन्डलवर देखरेख कुणाची? मॅक्वारी समुद्रापलीकडे. मिशनचं मुख्य कार्यालय लंडनला. पत्र जायला आणि उत्तर यायला वर्ष उलटायचं. आणि रोजचं जेवण? ते मात्र होंगी हिकाच्या हातात. मिशनचा तुटपुंजा पगार, मोठं कुटुंब, आजूबाजूला हजारो माओरी. डुकराचं मांस आणि बटाटे हवे असतील तर त्या बदल्यात सरदारांना काय हवं होतं? कुऱ्हाडी चालल्या काही दिवस. मग त्यांना बंदुकाच हव्या होत्या.

मार्सडनची बंदी असूनही केन्डल बंदुकांच्या व्यापारात शिरला. तो एकटाच नव्हता, पण शांततेचा न्यायाधीश तोच होता! १८२० मध्ये मिशनला न विचारता तो होंगी हिका आणि वाइकातो या दोन सरदारांना घेऊन इंग्लंडला गेला. केंब्रिजला प्राध्यापक सॅम्युअल ली यांच्याबरोबर बसून त्यांनी माओरी भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह तयार केला. आजची माओरी लिपी बरीचशी तिथूनच सुरू होते. होंगीला चौथ्या जॉर्ज राजाची भेट मिळाली, नजराणे मिळाले. परत येताना सिडनीला होंगीने बरेचसे नजराणे देऊन शेकडो बंदुका मिळवल्या. १८२१ च्या अखेरीस त्या बंदुका घेऊन त्याची फौज आजच्या ऑकलंडमध्ये, पानम्युर भागातल्या माउइनाइना किल्ल्यावर चालून गेली. समोरच्यांकडे प्रामुख्याने भाले आणि गदा. पुढची कित्येक वर्षं या बेटांवर ज्या 'मस्केट लढाया' झाल्या, त्यांत हजारो माओरी मेले.

त्याचं सगळं खापर केन्डलच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. होंगी हा स्वतःच्या बुद्धीने चालणारा सेनापती होता, कुणाच्या हातचं बाहुलं नव्हता. आणि बंदुका विकणारी जहाजं डझनावारी होती. पण ज्याला या समुद्रात शांतता राखायला नेमलं तोच या सौद्यांच्या मध्यभागी सापडावा, हे काही योगायोगाने झालं नाही. माणूस ज्याच्या जिवावर रोज जेवतो, त्यालाच शेवटी उत्तर देतो. मॅक्वारीने त्याला पद दिलं. त्या पदाला लागणारं बाकी काहीच दिलं नाही.

मिशनने १८२२ मध्ये त्याला काढून टाकायचं ठरवलं. बंदुकांबरोबर आणखी एक कारण होतं, एका माओरी तोहुंगाच्या (म्हणजे त्यांच्या पुरोहिताच्या) मुलीशी त्याचे संबंध. १८२३ मध्ये मार्सडन ते सांगायला स्वतः आला. १८२५ मध्ये केन्डल देश सोडून गेला आणि १८३२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून मेला.

मार्सडनची गंमत वेगळीच. त्याचं मॅजिस्ट्रेटपद मॅक्वारीने १८१८ मध्येच काढून घेतलं होतं. त्या दोघांचं वैयक्तिक वैर होतं हे खरं, पण सिडनीत निदान काढून टाकणारा कुणीतरी हाकेच्या अंतरावर होता. समुद्र ओलांडला की तेवढंही नव्हतं.

* * *

आता जरा आपल्या मुंबईकडे येऊ, कारण तिथे जे.पीं.चा प्रयोग याच काळात झाला, आणि तिथे समुद्राच्या अंतराची सबब नव्हती.

मुंबईत सुरुवातीला जे.पी. सगळे गोरे. १८३२ च्या कायद्याने भारतीयांसाठी दार उघडलं आणि १८३४ मध्ये पहिले भारतीय जे.पी. नेमले गेले. त्यांत आपले जगन्नाथ शंकरशेठ होते, जमशेटजी जीजीभाई होते. शहराचे कर, रस्ते, साफसफाई अशा कामांत या मंडळींचा हात असे. नाना शंकरशेठांनी शाळा, रेल्वे, संग्रहालय, काय काय केलं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बिनपगारी पद म्हणजे काय चीज असू शकते याचा तो उत्तम नमुना.

पण पद्धत एका नाना शंकरशेठांवर चालत नाही. १८६५ मध्ये मुंबईसाठी नवा कायदा झाला. सगळ्या जे.पीं.ची मिळून नगरपालिका, आणि कारभार पाहायला एक पगारी म्युनिसिपल कमिशनर. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड, वय तिशीचं, धडाडी अफाट. गटारं, रस्ते, पाणी, आणि अर्थात क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. शहर खरोखर सुधारलं. पण खर्च मंजुरीच्या पुढे धावत राहिला. नेमका तो काळ कापसाची तेजी आणि शेअरचा फुगा फुटल्यानंतरचा. कर वाढत गेले, तिजोरी रिकामी होत गेली, आणि १८७१ मध्ये करदाते रस्त्यावर आले.

सगळ्यांचा रोष क्रॉफर्डवर. त्या वेळी फिरोजशहा मेहता हा सव्वीस वर्षांचा तरुण बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने एका निबंधात लोकांना न आवडणारी बाजू मांडली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कमिशनरला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला जे जस्टिस बसवले होते त्यांनी लक्ष ठेवलं का? आणि नसेल ठेवलं, तर त्यांना जाब विचारणार कोण? त्यांना नेमलं सरकारने, तेही तहहयात; करदात्यांनी नाही. तेव्हा कारभार एका हातात राहू द्या, पण वर लोकांनी निवडलेली सभा हवी आणि हिशेब तपासणारा स्वतंत्र माणूस हवा.

१८७२ च्या कायद्यात त्याचा बराचसा भाग आला. चौसष्ट सभासद: सोळा सरकारने नेमलेले, सोळा जे.पीं.नी निवडलेले आणि बत्तीस करदात्यांनी निवडलेले. आज मुंबई महापालिकेच्या इमारतीसमोर मेहतांचा पुतळा उभा आहे, त्याच्या मुळाशी हे प्रकरण आहे. (हाच क्रॉफर्ड पुढे पुण्याला कमिशनर असताना १८८८ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अडकला, आणि मामलेदारांसाठी टिळकांनी लेखणी उचलली. पण ती गोष्ट पुन्हा कधी तरी.)

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की मुंबईचे ते जे.पी. बहुतेक सचोटीची माणसं होती. प्रतिष्ठित होती, पोटापाण्याची ददात नव्हती, एका पैशाचं मानधन घेत नव्हती. आणि तरी व्यवस्था कोसळली! केन्डल गरजेपोटी घसरला, इथे तर गरज नव्हती. इथे होतं ते दुसरंच: काम फुकट करतोय म्हटल्यावर कुणी फार विचारत नाही, आणि करणाराही स्वतःला फार विचारत नाही. सभेला गेलो तर गेलो. कागद वाचला तर वाचला. "मी काय पगार घेतो का?" या एका वाक्यात सगळी जबाबदारी वाहून जाते. आपल्या मंडळांतून, सोसायट्यांच्या कमिट्यांतून हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. मी तर ते स्वतः उच्चारलेलं आहे, मंडळाचा हिशेब चार महिने उशिरा दिला तेव्हा.

* * *

न्यूझीलंडने यातून काय केलं? एका दिवसात काहीच नाही. १८४० मध्ये वाइटांगीचा करार झाला, ब्रिटिश राज्य आलं, गावोगाव जे.पी. नेमले गेले. बरीच वर्षं हे पद म्हणजे गावच्या बड्या पुरुषांचा मान होता. १८९३ मध्ये इथल्या बायकांना मत मिळालं (जगात सगळ्यात आधी, असं इथले लोक अभिमानाने सांगतात). त्याच वर्षी ऑकलंडजवळच्या ओनिहंगा गावाने एलिझाबेथ येट्स यांना महापौर निवडलं. ब्रिटिश साम्राज्यातली ही पहिली स्त्री महापौर. महापौर म्हणून त्या आपोआप जे.पी. झाल्या आणि न्यायासनावरही बसल्या. पण इतर बायकांना जे.पी. व्हायला १९२६ चा कायदा यावा लागला. म्हणजे देश चालवायला मत देऊ शकणारी बाई कागदावर साक्षीची सही करायला 'विश्वासू' ठरायला तेहतीस वर्षं लागली! विश्वास कुणावर ठेवायचा हे ठरवणारे कोण, हाही प्रश्न त्यात आलाच.

आज चालतो तो कायदा १९५७ चा, नंतर बऱ्याच दुरुस्त्या झालेला. नाव स्थानिक खासदार सुचवतो, पण सुचवलं की झालं असं नाही. चौकशी होते, मुलाखत होते, प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग गव्हर्नर-जनरल नेमणूक करतात आणि शपथ होते. ज्यांना कोर्टात बसून किरकोळ खटले ऐकायचे आहेत त्यांचं प्रशिक्षण वेगळं, आणि तिथेही खटल्याला एकटा जे.पी. बसत नाही, दोघं बसतात. ज्या कागदात स्वतःचा किंवा घरच्यांचा संबंध आहे त्यावर सही करायची नाही. फी घ्यायची नाही. गैरवर्तन केलं तर पदावरून काढता येतं.

यातला एक बदल मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. पूर्वी पोलिसांना झडतीचं वॉरंट हवं असेल तर ते कुठल्याही जे.पी.कडे जाऊ शकत. रात्री अकरा वाजता पोलीस दारात उभा. तुम्ही निवृत्त शाळामास्तर. तो म्हणतो, साहेब, तातडीचं आहे. किती जण नीट वाचतील? 'नाही' किती जण म्हणतील? २००७ मध्ये इथल्या कायदा आयोगाने या सगळ्या अधिकारांवर मोठा अहवाल दिला, आणि २०१२ च्या झडती आणि पाळत कायद्याने नियम बदलला. आता जे.पी. आहे म्हणून वॉरंट काढता येत नाही. त्यासाठी ॲटर्नी जनरलने वेगळा अधिकार द्यावा लागतो, आणि तो एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा.

आमच्या प्रयोगशाळेत प्रत्येक मापन यंत्रावर एक छोटं स्टिकर असतं: शेवटचं कॅलिब्रेशन कधी, पुढचं कधी. तारीख उलटली की यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्याचं माप कुणी अहवालात लिहीत नाही. यात यंत्राचा अपमान नसतो. यंत्र बिघडलंय असंही कुणी म्हणत नाही. फक्त, ते बरोबर आहे हे आता कुणी सांगू शकत नाही. तीन वर्षांची मुदत म्हणजे माणसावरचं तसं स्टिकर. १८६५ च्या मुंबईत ते नव्हतं, १८१४ च्या रांगीहोउआत तर नव्हतंच.

इथे आणखी एक बिनपगारी जमात आहे, माओरी वॉर्डन. १९४५ च्या कायद्याने त्यांना जागा मिळाली, आता १९६२ चा कायदा लागू आहे. त्यांना मंत्री नेमतो, पण नाव समाजाकडूनच येतं, आणि नेमणूक तीन वर्षांची. अधिकार अगदी थोडे: दारूच्या गुत्त्यातून झिंगलेल्या माणसाला बाहेर जायला सांगायचं, गाडीची किल्ली काढून घ्यायची. हे अधिकार फक्त माओरींपुरतेच आहेत, आणि ते तसे का असावेत यावर माओरींमध्येच वाद आहे. पण शनिवारी रात्री एखाद्या मावशीने तरण्याताठ्या पोराला "चल, घरी जा" म्हटलं आणि तो मुकाट निघाला, हे मी पाहिलेलं आहे. तो कायद्याला घाबरला नव्हता. ती मावशी त्याच्या आजीला ओळखत होती. तिने अन्याय केला असता तर दुसऱ्या दिवशी मराईवर (म्हणजे त्यांच्या सभागृहात) सगळ्यांसमोर तिला बोलावं लागलं असतं, हे तिलाही माहीत, त्यालाही माहीत. केन्डलच्या बाबतीत जे दोन हजार किलोमीटर लांब होतं ते इथे शेजारच्या गल्लीत आहे.

* * *

आपल्याकडे काय झालं? इंग्रज गेल्यावर मानद मॅजिस्ट्रेट काही काळ चालले. मग महाराष्ट्रात विशेष कार्यकारी दंडाधिकारी आले, पुढे विशेष कार्यकारी अधिकारी. कल्पना तीच: गल्लीतला भला माणूस, पगार नाही, शिक्का आहे, लोकांची अडवणूक होऊ नये. प्रत्यक्षात ही पदं पक्षाच्या कार्यकर्त्यांची सोय लावायला वाटली जातात, ही तक्रार मराठी वर्तमानपत्रांत इतकी वर्षं छापून येते आहे की तिच्यात आता बातमी उरलेली नाही. त्यातही चांगलं काम करणारी माणसं असतात. आमच्या गल्लीत एक होते, ते मूळ कागद पाहिल्याशिवाय शिक्का मारत नसत. म्हणून त्यांच्याकडे कुणी जात नसे. आम्ही झेरॉक्सच्या दुकानात जात असू.

शेवटी २०१४ पासून आधी केंद्राने आणि मग राज्याने बऱ्याच कामांसाठी स्वतःच सही केलेली प्रत चालेल असं ठरवलं. लोकांचा त्रास वाचला, चांगलंच झालं. पण त्या निर्णयाचा दुसरा अर्थ मला टोचतो. त्या तिसऱ्या माणसाच्या सहीला किंमतच उरली नव्हती, म्हणून ती काढून टाकणं सोपं गेलं. ती किंमत कुण्या मोठ्या भ्रष्ट नेत्याने संपवली नाही. दहा-दहा रुपये देऊन आम्ही ती संपवली.

त्या वाचनालयातल्या आजीबाईंचं वागणं मला तेव्हा हटवादी वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी मला सांगितलं ते एवढंच, की या सहीचा अर्थ 'दाखला खरा आहे' असा नाही, 'मी मूळ कागद पाहिला' असा आहे. त्याहून एक अक्षर जास्त नाही. हद्द इतकी लहान होती म्हणूनच त्या तिला पूर्ण जागू शकल्या. केन्डलला अर्धा पॅसिफिक महासागर सांभाळायला दिला होता.

मित्राला परवा मी फोन केला. म्हटलं, नाव सुचवायला खासदाराच्या कार्यालयात जायचा विचार करतोय. तो खूश झाला. म्हणाला, "बरं झालं. माझ्या मेहुण्याचे दोन-तीन कागद आहेत, मूळ नागपूरला आहेत, पण तू तर त्याला ओळखतोसच."

मी म्हटलं, नागपूरहून मागवून घे. तीन आठवडे लागतात.

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग तो गणपतीच्या हॉलबद्दल बोलायला लागला.